बादशहासमोर मरियामातेचे चित्र मांडणारे धन्यवादित रुडॉल्फ



यंदाच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त आपल्या हॉलमध्ये चित्रप्रदर्शन भरवायचे असे युवक संघाने ठरवले आहे, हे आपल्याला मिस्सानंतरच्या सूचनांमधून कळलेच असेल. रेनेसाँ म्हणजे प्रबोधनकाळातील युरोपच्या थोर चित्रकारांची प्रभू येशूच्या आणि पवित्र मरियेच्या जीवनावरची चोवीस चित्रे मुले मांडणार आहेत. मूळ चित्रे नव्हेत, मोठ्या आकारात छापून घेतलेल्या प्रती. तरीही काम सोपे नाही. मागच्या बैठकीत दोन प्रश्नांवर गाडी अडली.

पहिला प्रश्न मांडणीचा. चित्रे किती उंचीवर लावायची, एका भिंतीवर किती, खाली काय लिहायचे आणि किती लिहायचे. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. आजूबाजूच्या सोसायट्यांमधील हिंदू, जैन, मुसलमान शेजाऱ्यांना बोलवायचे का? बोलावले तर दाराशी नाव आणि फोन नंबर लिहून घेणारा फॉर्म ठेवायचा का? काहींचे म्हणणे पडले की एवढा खर्च करतो आहोत तर त्यातून शुभवार्तेचे काम झाले पाहिजे. एका मावशींना वेगळीच काळजी होती. लोक चपला घालून येतील, मरियामातेच्या चित्रासमोर हसतखिदळत फोटो काढतील, त्यापेक्षा प्रदर्शन आपल्यापुरतेच ठेवू, असे त्या म्हणाल्या. दोन्ही बाजूंच्या मनात श्रद्धाच होती, म्हणून आम्ही त्या दिवशी निर्णय दिला नाही.

घरी आल्यावर आम्हाला एका धर्मगुरूंची आठवण झाली. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी त्यांनी हेच काम केले होते, आणि तेही अकबर बादशहाच्या राजधानीत. त्यांचे नाव धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा. त्यांच्या रक्तसाक्ष्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी, विशेषतः गोव्याशी नाते असलेल्या कुटुंबांनी, ऐकली असेल. परंतु त्यांनी मांडलेल्या चित्रांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती आज सांगावी असे वाटते.

रुडॉल्फ यांचा जन्म २ ऑक्टोबर १५५० रोजी इटलीतील आत्री या गावी झाला. वडील आत्रीचे ड्यूक, म्हणजे मोठे सरदार. घरात कशाची कमतरता नव्हती. मुलाने येशूसंघात जावे हे वडिलांना मान्य नव्हते. पण मुलगा हट्टाला पेटला आणि एप्रिल १५६८मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, रोम येथे येशूसंघात दाखल झाला. त्याच नवशिक्यांच्या मठात त्या वर्षी संत स्टॅनिस्लॉस कोस्का होते. काका क्लॉडियो आक्वाविवा हेही येशूसंघातच होते आणि पुढे १५८१मध्ये ते संघाचे सर्वोच्च अधिकारी झाले. म्हणजे रोममध्ये राहून मोठे होण्याची वाट रुडॉल्फ यांच्यासमोर मोकळी होती. त्यांनी मागून घेतला तो हिंदुस्थान.

१५७८च्या मार्च महिन्यात लिस्बन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते जहाजावर चढले. सोबत आणखी येशूसंघीय होते. त्यांपैकी एक मातेओ रिची. हेच रिची पुढे चीनला गेले आणि १६०१मध्ये त्यांनी चीनच्या सम्राटाला मरियामातेचे चित्र भेट दिले. एकाच प्रवासात निघालेल्या दोन तरुणांनी आशियातील दोन मोठ्या दरबारांत मरियेचे चित्र पोचवले, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

१३ सप्टेंबर १५७८ रोजी ते गोव्यात उतरले. त्यांना सेंट पॉल कॉलेजमध्ये तत्त्वज्ञान शिकवायला नेमण्यात आले. आम्हीही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या बाकांवर बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे त्या तरुण प्राध्यापकाविषयी आम्हाला आपुलकी वाटते. देव आहे हे तर्काने सिद्ध करता येते, हे वर्गात शिकवणे वेगळे. तो तर्क दुसऱ्या धर्माच्या विद्वानांसमोर, त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरी जाऊन मांडणे वेगळे. ती वेळ त्यांच्यावर वर्षभरातच आली.

सप्टेंबर १५७९मध्ये अकबर बादशहाचा वकील गोव्यात आला. बादशहाने फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना बांधला होता. तिथे निरनिराळ्या पंथांच्या विद्वानांचे वाद चालत. ख्रिस्ती धर्माचे जाणकार धर्मगुरू आपल्या पुस्तकांसह पाठवावेत, अशी त्याची मागणी होती. येशूसंघाने तिघांना निवडले. एकोणतीस वर्षांचे रुडॉल्फ प्रमुख. दुसरे फादर अँतोनियो मोन्सेराते. तिसरे फादर फ्रान्सिस हेन्रिक्स, मूळचे होर्मुझचे, इस्लाममधून ख्रिस्ती झालेले आणि फारसी जाणणारे.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजी ते गोव्याहून निघाले. दमणपर्यंत समुद्रमार्ग, पुढे सुरत, आणि मग खुष्कीचा लांबचा प्रवास. दमणला जाणारे जहाज आपल्याच किनाऱ्यासमोरून गेले असणार. त्या काळी साष्टी आणि वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. फेब्रुवारी १५८०च्या अखेरीस रुडॉल्फ फत्तेपूर सिक्रीला पोचले. मोन्सेराते वाटेत आजारी पडल्याने काही दिवस मागाहून आले.

त्यांच्या सामानात दोन मौल्यवान गोष्टी होत्या. एक म्हणजे अँटवर्पच्या प्लांतँ यांच्या छापखान्यात स्पेनच्या राजासाठी छापलेले अनेक भाषांतील बायबल. ३ मार्च १५८० रोजी त्याचे खंड बादशहाला देण्यात आले. अकबराने डोक्यावरची पगडी काढली, प्रत्येक खंड मस्तकी लावला, त्याचे चुंबन घेतले. मग शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे ते विचारून तो खंड त्याने विशेष आदराने हाती घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रे. त्यांत मुख्य होती ती रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरातील मरियामातेच्या प्रसिद्ध चित्राची प्रत. मूळ चित्र फार प्राचीन, पूर्वेकडच्या पद्धतीचे. त्याची प्रत करण्याची परवानगी संत फ्रान्सिस बोर्जिया यांनी पोपमहोदयांकडून मिळवली आणि १५६९पासून येशूसंघीयांनी त्या प्रती जगभर नेल्या. प्रत करणारे हात मात्र प्रबोधनकाळातले होते.

आता मांडणीकडे येऊ. या धर्मगुरूंना सुरुवातीला जिथे उतरवले होते तिथे फार गोंगाट होता. बादशहाने त्यांना राजवाड्याच्या आवारातच जागा दिली. तिथल्या एका खोलीत त्यांनी छोटे प्रार्थनामंदिर सजवले आणि वेदीवर मरियामातेचे चित्र ठेवले. दरबारात चित्र नेऊन बादशहासमोर धरणे सोपे होते. तिथे ते एक नजराणा ठरले असते, घोडे, रत्ने आणि गालिचे यांच्या रांगेतला आणखी एक. त्याऐवजी ते वेदीवर होते आणि त्याच्यासमोर दररोज प्रार्थना होत होती. ज्याला पाहायचे त्याने तिथे यायचे.

अकबर आला. त्याने त्या चित्राला वंदन केले, आणि तेही एका पद्धतीने नव्हे. समकालीन पत्रांत लिहिले आहे की त्याने प्रथम ख्रिस्ती रीतीने, मग मुसलमानी रीतीने आणि मग हिंदू रीतीने नमन केले. रुडॉल्फ यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते? आपल्यापैकी कोणीतरी पुढे होऊन बादशहाला थांबवले असते, योग्य रीत कोणती ते समजावले असते. रुडॉल्फ यांनी तसे केल्याची नोंद नाही. पाहुण्याने आपल्याला जमेल तशा आदराने चित्रासमोर उभे राहावे, हे त्यांनी मान्य केले. पुढे अकबर आपल्या मुलांना घेऊन आला, सरदारांना घेऊन आला. आणि त्यानंतर तो आपल्या प्रमुख चित्रकारांना घेऊन आला.

हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोगल चित्रकार कागदावर बारीक कुंचल्याने, पाण्यात कालवलेल्या रंगांनी, पुस्तकाच्या पानाएवढी चित्रे काढत. त्या कलेत ते जगात कोणाला हार जाणारे नव्हते. पण मोठ्या आकाराचे युरोपीय चित्र, छायाप्रकाशाने चेहऱ्याला आलेली गोलाई, वस्त्रांच्या घड्यांची खोली हे त्यांना नवे होते. ते थक्क होऊन पाहत राहिले असे धर्मगुरूंनी कळवले आहे. बादशहाने त्यांच्याकडून प्रती करवून घेतल्या. त्या पिढीतील केसूदास नावाच्या चित्रकाराने काढलेला संत जेरोम आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे आणि त्यानेच १५८८मध्ये काढलेले संत मत्तयाचे चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. ते युरोपीय छापचित्रांवरून केलेले आहे, पण त्यातली सफाई मोगल दरबाराची आहे. पाहणारे चित्र पाहून गप्प घरी गेले नाहीत. त्यांनी आपल्या हाताने त्याला उत्तर दिले.

रुडॉल्फ तीन वर्षे दरबारात राहिले. फारसी शिकले. इबादतखान्यात रात्र रात्र वाद केले. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात अकबरनाम्याचे एक चित्र आहे, नरसिंह नावाच्या चित्रकाराने १६०३ ते १६०५च्या सुमारास काढलेले. त्यात इबादतखान्यातील सभा आहे आणि काळ्या झग्यातील दोन येशूसंघीय बसलेले आहेत. रुडॉल्फ आणि हेन्रिक्स तेच, असे मानले जाते. चित्रे घेऊन आलेला माणूस शेवटी स्वतःच एका चित्रात जाऊन बसला.

बादशहा मात्र ख्रिस्ती झाला नाही. सोबतचे दोघे एकेक करून निघून गेले आणि रुडॉल्फ एकटे उरले. ते थोडे खात, जमिनीवर झोपत, शरीराला कष्ट देत. आपले येणे व्यर्थ गेले का, हा प्रश्न त्यांना छळत असणार. १५८३मध्ये त्यांना परतीची परवानगी मिळाली. अकबराने भेटी देऊ केल्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली. दरबारात रशियाकडचे एक ख्रिस्ती कुटुंब गुलामीत होते, नवरा, बायको आणि दोन मुले. त्यांची सुटका व्हावी. ती झाली आणि त्या चौघांना घेऊन ते मे १५८३मध्ये गोव्यात परतले.

इथपर्यंतची कथा सांगायला आनंद वाटतो. पुढची सांगताना मन जड होते, पण ती टाळणे बरोबर नाही.

गोव्यात त्यांना सालसेत, म्हणजे गोव्यातील साष्टी तालुक्याच्या मिशनचे प्रमुख नेमण्यात आले. आपली मुंबईची साष्टी वेगळी. तिथल्या गावकऱ्यांच्या मनात राग धुमसत होता आणि त्याला कारण होते. पोर्तुगीज सैन्याने १५६७मध्ये सालसेतमधील देवळे पाडली होती, नंतरही जाळपोळ झाली होती. कुंकळ्ळी गावावर झालेल्या सैनिकी मोहिमांबरोबर रुडॉल्फ यांच्या सोबत्यांपैकी फादर पाशेको आणि फादर बेर्नो हे स्वतः गेले होते आणि देवळे पाडण्यात त्यांचा हात होता. हे आपल्याच चरित्रग्रंथांत लिहिलेले आहे.

जुलै १५८३मध्ये रुडॉल्फ, पाशेको, बेर्नो, फादर अँथनी फ्रान्सिस आणि ब्रदर फ्रान्सिस आरान्या कुंकळ्ळीला गेले. सोबत काही पोर्तुगीज आणि स्थानिक ख्रिस्ती होते. चर्चसाठी जागा निवडायची आणि क्रूस उभारायचा, हा हेतू. गावकरी शस्त्रे घेऊन आले. सोबतच्या एका पोर्तुगीज गृहस्थाकडे बंदूक होती. पाशेको यांनी त्याला ती चालवू दिली नाही. रुडॉल्फ यांनी वार चुकवला नाही, मान पुढे केली. पाचही जण मारले गेले, सोबतचे इतर काहीही. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. तो दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे १५ जुलै, नव्या पंचांगाप्रमाणे २५ जुलै १५८३. रुडॉल्फ बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या मृत्यूची वार्ता ऐकून अकबर हळहळला, असे सांगतात.

सत्तेने सूड घेतला. बोलणी करण्याच्या निमित्ताने कुंकळ्ळीच्या सोळा प्रमुख गावकऱ्यांना असोळणाच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्यांतला एक निसटला अशी परंपरा आहे. त्यांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. १८९३मध्ये पोप लिओ तेरावे यांनी पाच येशूसंघीयांना धन्यवादित घोषित केले. त्यांचे धैर्य आणि बंदूक न चालवू देणारी त्यांची क्षमा आपल्याला वंदनीय आहे. पण त्या सोळा गावकऱ्यांसाठीही आपण प्रार्थना केली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

एकाच माणसाच्या आयुष्यातील या दोन जागा आम्ही शेजारी ठेवून पाहतो. फत्तेपूरला रुडॉल्फ पाहुणे होते. त्यांना बोलावले होते, त्यांच्या पाठीशी सैन्य नव्हते. त्यांनी दार उघडे ठेवले आणि बादशहा आपणहून आत आला. कुंकळ्ळीला ते स्वतः नि:शस्त्र होते, पण त्यांच्याआधी त्या वाटेने सैनिक येऊन गेले होते. गावकऱ्यांना क्रूस दिसला तेव्हा त्याच्यामागे जळलेले देऊळही दिसले. क्रूस तोच होता, तो धरणारे हात पवित्र होते. तरी समोरच्याला काय दिसेल, हे आपल्या मनातल्या हेतूवर ठरत नाही. आपल्याआधी त्याने काय सोसले आहे, यावर ते ठरते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सत्य म्हणजे काय हे पुष्कळ घोकले. सत्य स्वीकारायला माणूस मोकळा असावा लागतो, हे रुडॉल्फ यांच्या आयुष्याने जास्त स्पष्ट शिकवले.

अकबर ख्रिस्ती झाला नाही म्हणून ती चित्रे वाया गेली का? १५९५मध्ये तिसरे मिशन दरबारी गेले तेव्हा अकबराने ते बायबल धर्मगुरूंना परत दिले. पंधरा वर्षे त्याने ते जपले होते. पुढे १६०२च्या सुमारास आग्र्याच्या चर्चमध्ये मरियामातेचे असेच एक चित्र ठेवले, तेव्हा सर्व धर्मांच्या लोकांची ते पाहायला रीघ लागली. कुणाच्या मनात काय उतरले, त्याचा हिशेब देवाजवळ आहे.

आता आपल्या हॉलकडे येऊ. रेनेसाँची चित्रे मुळात संग्रहालयासाठी काढलेली नव्हती. लिओनार्दोचे शेवटचे भोजन मिलान येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, म्हणजे जेवणाऱ्या ब्रदरांसमोर प्रभू जेवतो आहे. फ्रा अँजेलिको या डोमिनिकन धर्मगुरूने फ्लोरेन्सच्या सान मार्को मठात एकेका खोलीत एकेक चित्र काढले, एका माणसाने त्याच्यासमोर प्रार्थना करावी म्हणून. ती चित्रे तिथून उचलून एका भिंतीवर दाटीवाटीने लावली तर बाजारातली कॅलेंडरे होतील. म्हणून आम्ही मुलांना पुढील गोष्टी सुचवल्या आणि कौन्सिलने त्या मान्य केल्या.

चोवीसऐवजी चौदाच चित्रे लावायची. प्रत्येकाचा मध्य साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा. दोन चित्रांमध्ये मोकळी भिंत सोडायची. खाली साध्या मराठीत चार ओळी: चित्रकार कोण, प्रसंग कोणता, मूळ चित्र कुठे आहे आणि ते कोणत्या जागेसाठी काढले होते. उपदेश नाही. मरियामातेचे चित्र हॉलच्या टोकाला एकटे असेल, समोर दिवा आणि चार खुर्च्या. ज्याला बसायचे त्याने बसावे.

शेजाऱ्यांना आपण बोलावणार आहोत. फॉर्म ठेवणार नाही. कोणी विचारले तर आपल्या श्रद्धेविषयी प्रेमाने, मोकळेपणाने सांगायचे, आणि सांगता यावे म्हणून मुलांनी आधी अभ्यास करायचा. रस्त्यावर पाट्या रंगवणाऱ्या आणि गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांना उद्घाटनाच्या दिवशी आधी आत न्यायचे, ही सूचना एका मुलीची. अकबराने आपले चित्रकार आणले होते, हे तिच्या लक्षात राहिले.

चपलांविषयी मावशींचे म्हणणे आम्ही मानले. दारात चपलांसाठी जागा असेल, पण सक्ती नसेल. मावशींनी स्वतः दाराशी बसायचे कबूल केले आहे. येणाऱ्याला हात जोडून या म्हणायचे, एवढेच काम. कोणी आपल्या रीतीने नमस्कार केला तर तो तसाच होऊ द्यायचा.

सणाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर प्रदर्शन उघडेल. आपण या, आणि येताना आपल्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्याला सोबत घेऊन या. त्या मिस्सात आपण धन्यवादित रुडॉल्फ आणि त्यांचे सोबती, कुंकळ्ळीचे ते गावकरी आणि फत्तेपूरचे ते अनाम चित्रकार, या सर्वांची आठवण प्रभूसमोर करू.

आपले,
प्रमुख धर्मगुरू